महासाथीत परिवीक्षा आणि पॅरोलची देखरेख कशी टिकवायची: आधीच करून ठेवायची तयारी

जागतिक आरोग्य संघटनेनं ३० जानेवारी २०२० ला कोविडसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ११ मार्चला त्याला महासाथ म्हटलं. मधे ४१ दिवस गेले. एखाद्या परिवीक्षा कार्यालयाला या ४१ दिवसांत काय करता आलं असतं? प्रत्येकाचा फोन नंबर खरा आहे का ते तपासता आलं असतं. कोणाच्या घरात मारहाणीचा इतिहास आहे, कोणाला राहायला जागा नाही, कोणाची औषधं चालू आहेत, याची यादी करता आली असती. न्यायालयाकडे जाऊन ‘हजेरी बंद झाली तर अटींचं काय’ हा प्रश्न लेखी विचारता आला असता. यातल्या एकाही कामासाठी विषाणूबद्दल काही माहीत असण्याची गरज नव्हती. पुढची महासाथ कुठल्या आजाराची असेल हे कोणालाच सांगता येणार नाही, पण ही कामं तेव्हाही हीच असतील.

हा लेख कार्यालयप्रमुख, परिवीक्षा अधिकारी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे. आधी शब्दांबद्दल थोडं. परिवीक्षा म्हणजे तुरुंगात न पाठवता, बंधपत्रावर आणि अटींवर देखरेखीखाली ठेवणं. पॅरोलचा अर्थ मात्र देशागणिक बदलतो. भारतात तो शिक्षेच्या मधली तात्पुरती सुटका असतो. इतर अनेक देशांत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली भोगणं. इथे दोन्ही धरले आहेत, कारण साथीत दोन्हींचा भार एकाच टेबलावर येतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. साथीत सगळ्यांवर सारखी देखरेख ठेवता येत नाही, आणि तसा आव आणला की ज्याच्याकडे खरोखर लक्ष हवं तोच सुटतो. म्हणून तयारीतलं पहिलं आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे ‘काहीही झालं तरी कोणाला भेटायचंच’ हे शांत काळात ठरवून ठेवणं. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्यावरून ठरतात.

आधी कल्पना थोडी मोकळी करा

कोविडच्या अनुभवावरून आराखडा बांधताना एक चूक सहज होते. आपण पुढची साथही कोविडसारखीच धरतो: हवेतून पसरणारी, म्हाताऱ्यांना जास्त मारणारी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं मात्र २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांचे बळी मोठ्या प्रमाणावर घेतले. देखरेखीखालच्या माणसांत तरुणांचाच भरणा असतो आणि त्यांच्याकडे जाणारे अधिकारीही याच वयात मोडतात. तशी साथ आली तर नोंदवहीतली माणसं आणि नोंदवही सांभाळणारी माणसं एकाच वेळी आजारी पडतील. इबोला, एमपॉक्स यांसारख्या आजारांत स्पर्श हा मोठा धोका असतो. तिथे खिडक्या उघडून भागत नाही. मूत्रनमुना घेणं आणि पायाला देखरेखीचा इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधणं हीच कामं धोक्याची होतात.

म्हणून आराखडा आजाराच्या नावावर बांधू नका. तीन प्रश्नांवर बांधा. समोरासमोर भेटणं धोक्याचं आहे का? वस्तूला किंवा माणसाला हात लावणं धोक्याचं आहे का? आणि एकावेळी किती कर्मचारी कामावर नसतील? तिसऱ्या प्रश्नासाठी तीन परिस्थिती लिहून ठेवा: पाचातला एक नाही, तिघातला एक नाही, निम्मे नाहीत. प्रत्येक परिस्थितीत कुठलं काम थांबेल, ते त्याच कागदावर लिहा. ‘सर्व आवश्यक कामे सुरू राहतील’ हे वाक्य आराखड्यात आलं तर ते खोडा. त्यातून कोणाला काहीच कळत नाही.

कोणाच्या शब्दावर आराखडा सुरू होईल

हे काम एका पानात होतं, पण ते नसेल तर पहिला आठवडा वरच्या आदेशाची वाट बघण्यातच जातो. आराखडा लागू करण्याचा अधिकार कोणाला, तो आजारी पडला तर कोणाला, आणि तोही नसेल तर कोणाला, अशी तीन पदं लिहा. नावं लिहू नका, पदं लिहा, बदल्या होतात. कुठल्या खुणेवर तो लागू होईल तेही ठरवा: सरकारनं संचारबंदी लावली, आरोग्य विभागानं जमाव टाळायला सांगितलं, किंवा कार्यालयातल्या पाचातल्या एकापेक्षा जास्त जणांनी आजारपणाची रजा टाकली. यातली कुठलीही एक खूण पुरे. जिल्हा पातळीवरच्या प्रमुखाला राज्य पातळीच्या परवानगीशिवाय पहिला टप्पा सुरू करता आला पाहिजे. साथ सगळीकडे एकाच दिवशी पोचत नाही.

नोंदवहीची विभागणी

आता मुख्य काम. तुमच्याकडच्या प्रत्येक माणसाकडे दोन बाजूंनी बघायचं आहे. एक, या माणसापासून दुसऱ्या कोणाला किती धोका आहे. दोन, हा माणूस स्वतः किती नाजूक अवस्थेत आहे. बहुतेक कार्यालयं पहिल्या बाजूची नोंद ठेवतात, दुसरीची ठेवत नाहीत. शांत काळात ते खपतं. साथीत व्यसनमुक्तीची औषधं बंद पडलेला, तुरुंगातून नुकताच सुटलेला, फूटपाथवर झोपणारा माणूस गुन्ह्याच्या दृष्टीनं ‘कमी धोक्याचा’ असू शकतो आणि तरीही दोन आठवड्यांत मरू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण तिथल्या सर्वसामान्य लोकांच्या १२ पटींहून अधिक होतं, आणि मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिडोस. हे साथ नसतानाचं चित्र आहे.

म्हणून तीन रंग करा, पण रंग देताना दोन्ही बाजू बघा. लाल म्हणजे ज्याला प्रत्यक्ष बघायचंच: घरगुती हिंसेचा किंवा मुलांवरच्या अत्याचाराचा इतिहास, कोणाला तरी नुकती दिलेली धमकी, गेल्या महिन्याभरातली सुटका, आत्महत्येचा प्रयत्न, फोनच नाही. पिवळा म्हणजे आठवड्याला बोलायचंच, आणि एक फोन चुकला तर दुसऱ्या दिवशी शोध घ्यायचा. हिरवा म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

हे झेपेल का, याचा हिशोब आधीच करून बघा. समजा एका अधिकाऱ्याकडे ६० माणसं आहेत: ९ लाल, १८ पिवळी, ३३ हिरवी. लाल माणसांशी आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास, म्हणजे ९ तास. पिवळ्यांशी आठवड्यातून एकदा, २० मिनिटं, म्हणजे ६ तास. हिरव्यांशी पंधरवड्यातून एकदा १० मिनिटं, म्हणजे आठवड्याला सरासरी पावणेतीन तास. एकूण पावणेअठरा तास. आता शेजारच्या टेबलावरचा सहकारी आजारी पडला आणि त्याचीही विभागणी अशीच आहे असं धरा. त्याचे फक्त लाल आणि पिवळे घेतले तर आणखी १५ तास, म्हणजे पावणेतेहतीस. नोंदी, प्रवास आणि न्यायालयाचे अहवाल यांसकट हा आठवडा कसाबसा बसतो. तिसऱ्याचाही भार आला तर बसत नाही. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण हा हिशोब कागदावर केलेला असला की ‘कुठल्या क्षणी हिरव्यांना फोन बंद करायचे’ याचं उत्तर आधीच हातात असतं आणि एकट्या अधिकाऱ्याला ते रात्री दहा वाजता ठरवावं लागत नाही.

यादी दर महिन्याला नव्यानं करा. लोकांची परिस्थिती बदलते: नोकरी जाते, लग्न मोडतं, कोणी परत घरी राहायला येतं. जुनी यादी साथीत उघडली तर ती खोटी सुरक्षितता देते, आणि ते यादी नसण्यापेक्षा वाईट.

यादीची छापील प्रत कुलूपबंद कपाटात असू द्या. संगणक बंद पडतो, घरून यंत्रणेत शिरता येत नाही, पासवर्ड एकाच माणसाकडे असतो. त्या प्रतीत गुन्ह्याचा तपशील नको. नाव, तीन फोन नंबर, पत्ता, रंग आणि एक ओळ पुरे.

फोनवरची देखरेख

इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२० मध्ये परिवीक्षेसाठी अपवादात्मक कार्यपद्धती आणली गेली. बहुतेक संपर्क फोनवर गेला, जास्त धोक्याच्या लोकांना दारात जाऊन भेटायचं ठरलं, आणि कार्यालयात प्रामुख्यानं नुकतेच सुटलेले किंवा फोन नसलेले लोक येऊ लागले. अमेरिकेतल्याही अनेक ठिकाणी प्रत्यक्ष हजेरी थांबली. फोनवर काम चालतं हे तेव्हा कळलं. ते कुठे चालत नाही हेही कळलं.

समोर बसलेल्या माणसाचं बरंच काही न बोलता दिसतं. हात थरथरतोय, तेच कपडे तिसऱ्या आठवड्यातही, तोंडाला वास, बरोबर आलेल्या बायकोच्या मनगटावर निळं. फोनवर यातलं काही नाही. म्हणून फोनवर विचारायची पद्धतच वेगळी लागते, आणि ती साथ आल्यावर शिकता येत नाही. शांत काळात दर महिन्याची एक भेट मुद्दाम फोनवर करा. अधिकाऱ्यालाही सराव होतो आणि समोरच्यालाही.

पहिला प्रश्न नेहमी हाच असू द्या: ‘आत्ता बोलता येईल का? जवळ कोणी आहे का?’ उत्तर ‘हो, आहे’ असं आलं तर पुढचे प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तरांनी भागतील असे विचारा. ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला सगळे ‘ठीक’ म्हणतात. त्यापेक्षा ‘काल रात्री कुठे झोपलात? घरात आज कोण कोण आहे? शेवटचं औषध कधी घेतलंत? या आठवड्यात पैसे कुठून आले?’ हे विचारा. यांना नेमकी उत्तरं द्यावी लागतात आणि दोन आठवड्यांची उत्तरं शेजारी ठेवली की फरक दिसतो.

घरगुती हिंसेच्या प्रकरणात इथे खूप जपायला हवं. संचारबंदीत पीडित आणि आरोपी एकाच खोलीत अडकतात आणि फोन बहुधा त्याच्याच हातात असतो. तिला थेट फोन करून ‘तो त्रास देतो का’ असं विचारणं म्हणजे तिला धोक्यात टाकणं. तिच्याशी संपर्क कोण ठेवणार, परिवीक्षा अधिकारी की पीडितांसाठी काम करणारी संस्था, हे आधी ठरलेलं असावं. तिच्याशी एक साधा शब्द किंवा वाक्य ठरवून ठेवा. ती ते बोलली की मदत पाठवायची. आणि मदत म्हणजे कोण, कुठून, किती वेळात, हेही लिहून ठेवा. ठरलेला शब्द बोलल्यावर कोणीच आलं नाही, तर ती पुन्हा तो शब्द बोलणार नाही.

फोन सगळ्यांकडे नसतो, आणि असला तरी रिचार्ज नसतो. प्रत्येक भेटीत तीन नंबर तपासा: स्वतःचा, घरातल्या एकाचा आणि घराबाहेरच्या एका विश्वासाच्या माणसाचा. तिसऱ्याशी काय बोलायचं आणि काय नाही, याची संमती आधी लेखी घ्या. शेजाऱ्याला त्याच्या गुन्ह्याबद्दल कळण्याचं कारण नाही. काही साधे फोन आणि रिचार्जसाठी थोडी रक्कम आराखड्यात धरा. मला हा खर्च मास्कच्या साठ्याइतकाच गरजेचा वाटतो.

दारातली भेट

लाल यादीतल्यांना भेटायचंच आहे, तर कसं? घरात जाऊ नका. दारात किंवा अंगणात, अंतर ठेवून, उघड्यावर भेटा. जाण्याआधी फोन करून विचारा की घरात कोणी आजारी आहे का. मात्र काही भेटी न कळवता कराव्या लागतात. त्या कुठल्या, हे वरिष्ठांबरोबर आधी ठरलेलं असावं. घरातली इतर माणसं, विशेषतः मुलं, दारात येऊन दिसतील असं बघा. मुलं ‘झोपली आहेत’ असं सलग तीन भेटींत ऐकू आलं तर बालसंरक्षणाच्या लोकांना कळवा.

दारातल्या भेटीत गोपनीयता सगळ्यात आधी जाते. गणवेश नको, ओळखपत्र गळ्यात लोंबकळायला नको, गुन्ह्याचा शब्द नको. मोठ्यानं बोलावं लागत असेल तर फोनवर बोलत दारात उभे राहा. दिसतंही आणि ऐकूही जात नाही.

अटींचं काय करायचं

इथे सगळ्यात जास्त अन्याय होऊ शकतो. बंधपत्रात लिहिलेलं असतं: दर सोमवारी हजेरी, आठवड्याला इतके तास समाजसेवा, महिन्याला दोनदा लघवीची तपासणी, समुपदेशनाचे वर्ग. साथीत कार्यालय बंद, समाजसेवेचं ठिकाण बंद, प्रयोगशाळा बंद. मग त्या माणसानं अट मोडली का? अट कायम ठेवून ती पाळण्याचा रस्ता आपणच बंद केला असेल, तर मोडण्याचा दोष त्याच्या माथी येता कामा नये.

संयुक्त राष्ट्रांचे कोठडीबाहेरच्या शिक्षांबद्दलचे किमान नियम, टोकियो नियम म्हणून ओळखले जाणारे, १९९० मध्ये मंजूर झाले. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की असा उपाय अपयशी ठरला म्हणून आपोआप तुरुंगवास होऊ नये. साथीत याला आणखी एक अर्थ येतो. गर्दीच्या तुरुंगात एका चुकलेल्या हजेरीसाठी माणूस पाठवणं म्हणजे त्यालाही धोका आणि आतल्यांनाही.

तयारी म्हणून प्रत्येक प्रकारच्या अटीसमोर तीन शब्दांपैकी एक लिहा: चालू, बदलून, स्थगित. हजेरी बदलून फोनवर. ठरावीक पत्त्यावर राहण्याची आणि पीडितेच्या जवळ न जाण्याची अट चालू, आणि ती कधीही स्थगित नाही. व्यसनाची तपासणी फक्त लाल यादीत चालू, बाकी स्थगित. समाजसेवा स्थगित, किंवा घरी बसून करता येण्याजोगी कामं आणि शिकवण्या देऊन बदलून. हा तक्ता घेऊन न्यायालयात जा आणि साथ जाहीर झाल्यास तो लागू होईल असा कायमस्वरूपी आदेश मिळवण्याचा प्रयत्न करा. अधिकाऱ्याला स्वतःच्या मनानं अटी शिथिल करण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी नसतो. आदेशाशिवाय केलेली शिथिलता नंतर त्याच्यावरही शेकते आणि देखरेखीखालच्या माणसावरही.

अटभंगाचेही दोन भाग पाडून ठेवा. नवा गुन्हा, धमकी, पीडितेशी संपर्क, पट्टा तोडणं: लगेच कारवाई. चुकलेला फोन, न भरलेली फी, उशीर: आधी कारण शोधा, लेखी नोंद करा, वॉरंट नको. कोणी विलगीकरणात होता याचा पुरावा म्हणून काय चालेल तेही आधी ठरवा. दवाखान्याची चिठ्ठीच हवी असं म्हटलंत, तर दवाखान्यात खाट न मिळालेला माणूस गुन्हेगार ठरतो.

स्थगित झालेलं काम नाहीसं होत नाही, साचतं. स्कॉटलंडमध्ये समाजसेवेचे तास इतके साचले की मार्च २०२१ मध्ये नियम करून बहुतेक आदेशांतले उरलेले तास ३५ टक्क्यांनी कमी करावे लागले. घरगुती अत्याचार, लैंगिक गुन्हे आणि पाठलाग यांच्या प्रकरणांना ही सूट दिली नाही. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो, आणि अपवादही योग्य वाटतात. पण तो वर्षभरानं आला. तुमच्या आराखड्यात हे आधीच असावं की स्थगिती किती महिने टिकली तर तास कमी होतील, आणि कोणाचे होणार नाहीत.

तुरुंगातून एकदम येणारी माणसं

साथ आली की तुरुंग रिकामे करायची घाई होते, आणि ती घाई योग्यच असते. भारतात सर्वोच्च न्यायालयानं २३ मार्च २०२० ला प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं, कोणत्या कैद्यांना पॅरोलवर किंवा अंतरिम जामिनावर सोडता येईल हे ठरवण्यासाठी. इराणनं मार्च २०२० मध्येच हजारो कैद्यांना तात्पुरतं सोडलं. इंग्लंड आणि वेल्सनं एप्रिलमध्ये ४,००० पर्यंत कैदी मुदतीआधी सोडण्याची योजना जाहीर केली. सुरुवातीलाच सहा कैदी चुकून सुटले आणि योजना काही काळ थांबवावी लागली. शेवटी सुटले ते काही शेच.

या चुकीतून घ्यायची गोष्ट साधी आहे: पात्र लोकांची यादी तुरुंग आणि परिवीक्षा कार्यालय या दोघांनी मिळून, शांत काळात, दर तीन महिन्यांनी करावी, आणि सुटकेच्या दिवशी दोघांनीही ती वेगवेगळी तपासावी. एकाची चूक दुसऱ्याला दिसते.

आणि गेटबाहेर काय? सुटलेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी या गोष्टी हव्यात: निदान महिन्याभराची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, ओळखपत्र, चालू फोन, घरी पोचण्याचं वाहन, आणि अधिकाऱ्याचं नाव, नंबर व पहिल्या फोनची वेळ लिहिलेला कागद. अफूजन्य पदार्थांचं व्यसन असेल आणि तिथे कायद्यानं मिळत असेल तर नॅलोक्सोनही द्या. अतिडोस झाल्यास ते जीव वाचवतं. घर नसेल तर सुटका म्हणजे रस्त्यावर आणून टाकणं. विलगीकरणासाठी वसतिगृह, रिकामं हॉटेल किंवा संस्थेची खोली यांच्याशी करार आत्ताच करून ठेवा; त्या दिवसांत सगळं शहर खोल्या शोधत असतं. सुटलेला प्रत्येक जण पहिला महिनाभर लाल यादीत. अपवाद नको. तुमचा वरचा हिशोब इथे पुन्हा मांडावा लागतो: एका अधिकाऱ्याकडे एकदम १० जण आले तर १० तास वाढतात.

तात्पुरत्या पॅरोलवर सुटलेल्यांना परत कधी यायचं हे स्पष्ट, लेखी आणि त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत सांगा. मुदत वारंवार वाढली की गोंधळ होतो, आणि तारीख चुकवणाऱ्याला पळालेला समजलं जातं. प्रत्येक वाढीव मुदतीचा संदेश पाठवा, फोन करा आणि त्याची नोंद ठेवा.

पट्टे, कर्मचारी, कार्यालय

इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांबद्दल थोडक्यात. ते बसवायला हात लावावा लागतो, दुरुस्तीला माणूस लागतो, चार्जिंगला वीज आणि डोक्यावर छप्पर लागतं. साथीत ते सगळ्यांना लावायचा मोह होतो. लावू नका. ज्याला शांत काळात पट्टा लागला नसता, त्याला केवळ भेटता येत नाही म्हणून लावला तर तो काढायची वेळ कधीच येत नाही. साठा लाल यादीपुरता ठेवा.

कर्मचाऱ्यांचे दोन गट करा, जे एकमेकांना भेटणार नाहीत. एक गट आजारी पडला तर दुसरा उभा असतो. दमा, मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना दारातल्या भेटी नकोत. मास्क आणि हातमोजे यांचा साठा निदान सहा आठवड्यांचा, मुदत बघून फिरवत राहा. लसीकरण सुरू झालं की अग्रक्रमाच्या यादीत तुरुंग कर्मचाऱ्यांबरोबर परिवीक्षा अधिकाऱ्यांचं नाव असावं, यासाठी आरोग्य विभागाला आत्ताच पत्र द्या. बाहेर फिरून भेटी घेणारा हा अधिकारी यादी करताना कोणाला आठवत नाही.

घरून काम करणाऱ्यांबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे. कार्यालयात अत्याचाराचं प्रकरण ऐकून अधिकारी बाहेर पडतो, चालतो, सहकाऱ्याशी दोन शब्द बोलतो आणि मग घरी जातो. घरून काम करताना हीच गोष्ट तो झोपायच्या खोलीत ऐकतो आणि पाच मिनिटांनी मुलाला जेवायला वाढतो. याचा भार साचतो. प्रत्येक अधिकाऱ्याला आठवड्यातून एकदा वरिष्ठाचा फोन यावा, आकडे मागण्यासाठी नव्हे, त्याची विचारपूस करण्यासाठी. लाल यादीतलं काम सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त एकाच माणसाकडे नको. आणि घरी कागदपत्रं ठेवायला कुलूपबंद पेटी द्या. फाइल घरात उघडी पडलेली नसावी.

कार्यालयाचं काम सोपं आहे: वेळ ठरवून बोलावणं, प्रतीक्षागृहात एकावेळी दोघांपेक्षा जास्त नकोत, खिडक्या उघडणाऱ्या असाव्यात, आजारी माणसानं आलं नाही तर दंड नाही हे दारावर मोठ्या अक्षरांत.

आराखड्याची तालीम

कपाटातला आराखडा साथीत कोणी उघडत नाही. वर्षातून एकदा अर्धा दिवस बसा. टेबलाभोवती अधिकारी, न्यायालयाचा लिपिक, तुरुंगाचा प्रतिनिधी, पोलीस, आरोग्य विभाग आणि पीडितांसाठी काम करणारी संस्था असावी. शक्य असेल तर पूर्वी देखरेखीखाली राहिलेला एखादा माणूसही बोलवा. ‘माझ्याकडे त्या दिवसांत फोनच नव्हता’ हे तोच सांगू शकतो. मग एकामागून एक चिठ्ठ्या उघडा. उद्यापासून संचारबंदी. तीन अधिकारी आजारी. शुक्रवारी तुरुंगातून १४ जण सुटतायत, पाचांना घर नाही. लाल यादीतल्या एकाचा फोन दोन दिवस बंद. एका स्त्रीनं ठरलेला शब्द बोलला. प्रत्येक चिठ्ठीला कोण काय करेल हे बोलून दाखवायचं. जिथे खोली शांत होते तिथे आराखड्यात भोक आहे. ते त्याच दिवशी लिहून घ्या आणि महिन्याभरात बुजवा.

तालमीतला शेवटचा तास परतीसाठी राखून ठेवा. अमेरिकेत परिवीक्षा आणि पॅरोलवरच्या प्रौढांची संख्या २०१९ अखेरच्या सुमारे ४३.६ लाखांवरून २०२० अखेर सुमारे ३८.९ लाखांवर आली. न्यायालयं मंदावल्यामुळे नवी प्रकरणं कमी आली, हे त्याचं एक कारण. न्यायालयं पुन्हा पूर्ण चालू झाली की थांबलेली प्रकरणं एकदम येतात, आणि तेव्हा साथीत थकलेलीच माणसं कामावर असतात. म्हणून परत येताना सगळ्या अटी एका दिवशी चालू करू नका. आधी लाल यादीच्या कार्यालयातल्या भेटी, मग तपासण्या, मग समाजसेवा, प्रत्येकात दोन-तीन आठवड्यांचं अंतर. हिरव्या यादीतल्यांची फोनवरची हजेरी परत प्रत्यक्ष करायची का, याचा निर्णय नोंदी बघून घ्या. साथीच्या महिन्यांत त्यांच्यात नवे गुन्हे वाढले नसतील, तर त्यांना दर सोमवारी रोजगार बुडवून बोलावण्याचं कारण उरत नाही. तो वेळ लाल यादीला द्या.